पर्वती पुन्हा चढता येईल का?

प्रश्न : वय ४८. चौदा महिने कंबर दुखतेय. एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. पाच महिने फिजिओथेरपी चालू आहे. चार दिवस बरं वाटतं, की परत अंथरूण. पूर्वी रोज पर्वती चढायचे. आता उमेदच राहिली नाही.
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : ताई, बहुतेक वेळा गाडी अडते ती त्या बऱ्या दिवसांतच. बरं वाटलं की माळा आवरायचा, डबे घासायचे, मंडईही उरकायची. दुसऱ्या दिवशी कंबर धरते आणि सगळं पाण्यात गेलं असं वाटतं. तसं नसतं. दुखणं तीन महिन्यांपुढे लांबलं की मज्जासंस्था हळवी होऊ शकते, मग थोड्या श्रमानेही मोठी कळ येते. कळ खरीच असते, पण प्रत्येक वेळी नवी इजा झालेली नसते.

म्हणून चालणं घड्याळावर ठेवा. पाच दिवस, दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं चालता आलं ते लिहा. समजा १२, ८, १४, ६, १० आली, तर सरासरी १०. सुरुवात त्याहून कमी, ८ मिनिटांनी करा. सारसबागेत किंवा पाऊस असेल तर घरातच, पण रोज तेवढंच. बऱ्या दिवशी आठव्या मिनिटाला थांबणं फार जड जातं, तरी थांबा. आठवडा नीट गेला की एक मिनिट वाढवा. दुखणं उसळलं तर दोन-तीन दिवस निम्मं चाला, पडून मात्र राहू नका, स्नायू आखडतात.

ओट्याशी उभं राहताना एक पाय पाटावर ठेवा, अधूनमधून बदला. भाजी बसून चिरा.

वहीत रोज दुखण्याला गुण देऊ नका, लक्ष तिथेच खिळतं. उभ्याने किती पोळ्या लाटल्या ते लिहा आणि तुलना कालशी न करता मागच्या महिन्याशी करा. उमेद येते ती या आकड्यांतून.

सपाटीवर अर्धा तास जमू लागला की फिजिओथेरपिस्टना विचारून जिन्याच्या दहा पायऱ्या, कठडा धरून, एकाआड एक दिवस. पर्वतीच्या पायऱ्या शंभरावर आहेत, त्याला काही महिने द्यावे लागतील.

झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना लगेच सांगा. त्यावर उपचार आहेत. आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी झाली, तर वही बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल गाठा.