गावातलं जुनं दगडी चर्च दुरुस्त करून सभागृह करायचंय, गिलावा सिमेंटचा चालेल का?

नाही. सिमेंट नकोच.

आपल्या नाशिक भागातल्या जुन्या इमारतींची भिंत काळ्या दगडाची असली, तरी दगडांना धरून ठेवतो तो चुना. पावसाळ्यात भिंत ओल पिते आणि उन्हाळ्यात चुन्यातूनच ती बाहेर टाकते. वरून सिमेंट थापलं की वाट बंद. आमच्या जुन्या नाशकातल्या वाड्यात हा उद्योग झालाय. दोन पावसाळ्यांत गिलाव्याला फुगे आले, बोटानं टकटक केलं तर पोकळ आवाज, आणि सोलल्यावर आतला चुना ओल्या पिठासारखा हातात आला. दगडांमधल्या दरजा (सांधे) सुद्धा पाण्यात विरवलेल्या चुन्यानं आणि वाळूनंच भरा. जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा घालायचे. असा गवंडी सापडला तर सोडू नका.

पण भिंतीच्या आधी छप्पर. फुटकी कौलं, तुंबलेली पन्हळ, भिंतीत रुतलेली वाशांची टोकं बघा. लाकूड तिथेच आधी कुजतं. टोकाला खिळा सहज आत गेला तर तेवढाच तुकडा बदला, अख्खा सागवानी वासा फेकू नका (भंगारवाला टपलेलाच असतो!).

कागदाचं म्हणाल तर जागा बहुधा ट्रस्टची असेल. सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची तर 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आवारात कबरी असतील तर त्या घरच्या लोकांशी आधी बोला. मांडव, डीजे नंतर.