पीआरपीने गुडघ्याची गादी परत भरते का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझं वय ५८. तीन वर्षं झाली डावा गुडघा दुखतोय, जिना चढताना एवढं नाही पण उतरताना अगदी जीव जातो. एक्सरे बघून ग्रेड २ ची झीज आहे म्हणाले आणि आता पीआरपीची तीन इंजेक्शनं घ्या असं सुचवलंय. माझ्या नणंदेने घेतली होती, ती म्हणते गादी परत भरून येते, आणि रक्त आपलंच असतं म्हणजे नुकसान तर काहीच नाही. घेऊ का?

उत्तर : ताई, नणंदेला बरं वाटलं असेल तर त्या खोटं बोलतायत असं मी अजिबात म्हणणार नाही, पण बरं वाटणं वेगळं आणि गादी भरणं वेगळं, सगळा घोळ इथेच होतो.

आधी करतात काय ते बघा. पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, आपल्याच रक्तातला प्लेटलेट्स (रक्त गोठवणारे बारीक कण) दाटलेला भाग. हाताच्या शिरेतून रक्त काढतात, किटप्रमाणे साधारण १५ ते ६० मिली, आणि ती ट्यूब मशीनमध्ये गरगर फिरवतात. बाहेर काढली की रक्ताचे सरळ थर पडलेले दिसतात, तळाला गडद लाल पेशी, वर पिवळसर पाणी म्हणजे प्लाझ्मा, आणि दोघांच्या मधे एक पातळ पांढरट रेघ. प्लेटलेट्स ह्या रेघेच्या आसपास दाटलेल्या असतात, त्यामुळे नेमका तो भाग ओढून घेतात आणि गुडघ्यात सोडतात. बोट कापलं की प्लेटलेट्स तिथे जमतात, रक्त थांबवतात आणि आतले ग्रोथ फॅक्टर, म्हणजे दुरुस्तीचा निरोप देणारी प्रथिनं, सोडून दुरुस्तीवाल्या पेशींना हाका मारतात, मग तेच सामान घट्ट करून थेट सांध्यात टाकलं तर तिथेही दुरुस्ती होईल, असा हा हिशोब. कागदावर मस्त आहे. पण गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे तुम्ही म्हणता त्या गादीला, मुळात रक्तवाहिन्याच नसतात, तिथे दुरुस्तीला येणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीत, आणि झीज काही कापल्यासारखी एका दिवसात झालेली जखम नाही, ती वर्षानुवर्षांची.

गादीचं खरं काय होतं ते ऑस्ट्रेलियात नीट तपासलं गेलं. ५० वर्षांवरचे, सौम्य ते मध्यम झीज असलेले म्हणजे साधारण तुमच्यासारखेच २८८ लोक घेतले, अर्ध्यांना आठवड्याला एक अशी पीआरपीची तीन इंजेक्शनं, उरलेल्यांना त्याच पद्धतीने नुसतं सलाईन, आणि कोणाला काय दिलं ते पेशंटला माहीत नाही. वर्षभराने दहापैकी मोजलेलं दुखणं पीआरपीवाल्यांचं सरासरी २.१ ने कमी झालं होतं आणि सलाईनवाल्यांचं १.८ ने. फरक एवढाच, तो मानण्यासारखा नाही. एमआरआयवर गादी दोन्हीकडे थोडी थोडी कमीच झाली होती, भरली कुठेच नाही. हे २०२१ मध्ये ‘जामा’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मला ह्यातली सलाईनची बाजू जास्त बोलकी वाटते, मिठाचं पाणी टोचूनही लोकांना बऱ्यापैकी आराम पडला. गुडघ्याचं दुखणं आपलं आपण कमीजास्त होत असतं, माणूस इंजेक्शनला जातो तो फार दुखत असतानाच, त्यात सुईवरचा विश्वास, हे सगळं मिळून आराम वाटतो.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल डॉक्टर विरोधातच बसलेत. लहान लहान अभ्यास बरेच आहेत आणि त्यांची बेरीज केली तर वंगणाच्या (हायलुरॉनिक अ‍ॅसिडच्या) इंजेक्शनपेक्षा पीआरपीने सहा महिने ते वर्षभर दुखणं जरा जास्त कमी होतं असं अनेकदा दिसलंय. अडचण अशी की प्रत्येकाचं पीआरपी वेगळं, कोणी पांढऱ्या पेशी ठेवतं कोणी काढतं, प्लेटलेट्स कुठे दुप्पट कुठे पाचपट, इंजेक्शन कुठे एक कुठे तीन, म्हणजे नाव एक पण औषध दहा प्रकारचं. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मुख्यतः ह्याच कारणाने पीआरपी देऊ नका असं ठामपणे म्हटलं, आणि तिथल्याच हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२१ मध्ये दुखणं कमी होऊ शकतं म्हणत मर्यादित पाठिंबा दिला. तज्ज्ञच दोन तोंडांनी बोलतायत मग तुमचा गोंधळ होणारच.

तुमच्यापुरतं माझं मत : आत्ता नको, आधी तीन महिने मांडी कामाला लावा. उतरतानाच का दुखतं ठाऊक आहे? पाय खाली टाकताना अख्खं वजन मांडीच्या पुढच्या स्नायूला ब्रेकसारखं सावरून धरावं लागतं, तो कमजोर असला की भार गुडघ्यावर येतो. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घ्या, उठा, आणि बसताना मनात तीन मोजत हळूहळू बसा, शेवटी धपकन पडायचं नाही, खरा व्यायाम त्या बसण्यातच आहे. दहा वेळा, दिवसातून दोनदा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीवर आलं म्हणजे ठीक. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. आणि डायक्लोफेनॅकची जेल लोक उगाच कमी लेखतात, गुडघ्यासाठी ती चांगली लागू पडते.

एवढं करूनही भागलं नाही आणि तुम्हाला पीआरपी घेऊनच बघायचं असेल तर घ्या, मी अडवणार नाही, पण दुखणं काही महिने कमी व्हावं एवढ्याच अपेक्षेने. राहिलं ‘नुकसान काहीच नाही’. रक्त आपलं असलं तरी सुई बाहेरची असते, क्वचित का होईना सांध्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्याहून मोठं नुकसान मी नेहमी बघतो ते म्हणजे इंजेक्शन झालं, काम झालं म्हणून माणूस व्यायाम सोडून देतो.

प्रश्न : बाबा ७६ वर्षांचे आहेत, ग्रेड ४, पाय बाहेरच्या बाजूला वाकलाय, रात्री पण ठणका असतो. वाटी बदलायला घाबरतात. पीआरपीने ऑपरेशन टळेल का?

उत्तर : नाही टळणार. ग्रेड ४ म्हणजे हाडाला हाड लागायच्या बेतात आलेलं असतं, तिथे पीआरपीकडून फार आशा ठेवू नका, आणि वाकलेला पाय कुठल्याच इंजेक्शनने सरळ होत नाही. ऑपरेशन करायचंच असा माझा आग्रह नाही, काठी, व्यायाम, गोळ्या ह्यावर त्यांचं निभत असेल तर निभू द्या, पण झोप मोडत असेल तर सर्जनसमोर एकदा बसवा आणि नेमकी कशाची भीती वाटते ते बाबांनाच बोलू द्या, तुम्ही मधे बोलू नका.

प्रश्न : परवा पीआरपीचं पहिलं इंजेक्शन घेतलं आणि गुडघा आधीपेक्षा जास्त सुजलाय. वाया गेलं का? घरात आयबुप्रोफेन आहे, घेऊ का?

उत्तर : दोन-तीन दिवस सूज आणि दुखणं वाढणं हे ह्यात नेहमीचं आहे, त्यावरून वाया गेलं का कामाला आलं काहीच ठरत नाही. आयबुप्रोफेन सध्या राहू द्या, असल्या गोळ्या प्लेटलेट्सच्या कामात आडव्या येतात म्हणून आधी आणि नंतर काही दिवस बंद ठेवायला सांगतात. चालत असेल तर पॅरासिटामॉल घ्या, कापडात गुंडाळून बर्फ लावा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि ते इंजेक्शनच्या आधी सांगायचं राहिलं असेल तर आजच फोन करून सांगा, ती गोळी स्वतःच्या मनाने मात्र थांबवू नका. आणि ताप आला, थंडी वाजली, गुडघा लालभडक गरम झाला किंवा पाय टेकवेनासा झाला तर उद्याची वाट बघू नका, रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटलमध्ये जा, सांध्यातला जंतुसंसर्ग असेल तर तो लवकर गाठावा लागतो.