विंडोज सर्व्हरवरील डीएनएस नोंदी लिनक्सवरील बाइंडमध्ये कशा न्याव्यात?

कार्यालयातल्या विंडोज सर्व्हरवरचे वीस-पंचवीस झोन (एकेका डोमेनच्या डीएनएस नोंदींचे संच; डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) बाइंड या डीएनएस सर्व्हर प्रोग्राममध्ये न्यायचे आहेत, तर झोन फाइली उचलून नव्या मशीनवर ठेवल्या की काम होईल का, असे आपण विचारले आहे. बहुतेक वेळा होईल, कारण झोन फाइल कशी लिहावी हे १९८७ च्या आरएफसी १०३५ या इंटरनेट मानकात ठरलेले आहे आणि दोन्ही सर्व्हर तोच नमुना वाचतात. तरीही तसे करू नये असेच मी सांगेन. झोन ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज नेटवर्कमधील वापरकर्ते आणि संगणक यांच्या नोंदवहीत) साठवलेला असेल तर त्याची फाइल डिस्कवर सापडतच नाही, आणि एक्स्पोर्ट केलेली फाइल हाताने दुरुस्त करताना झालेली चूक पुढे शोधणे फार जड जाते.

एका कामात मी, डोमेनची ईमेल कोणत्या सर्व्हरकडे जावी हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदीतल्या नावाच्या शेवटचा टिंब लिहायला विसरलो होतो. शेवटी टिंब नसले की सर्व्हर त्या नावापुढे झोनचे नाव जोडतो, त्यामुळे मेल.उदाहरण.इन याचे मेल.उदाहरण.इन.उदाहरण.इन झाले. फाइल लोड झाली, संकेतस्थळही व्यवस्थित चालू होते, पण त्या ग्राहकाकडे बाहेरून येणारी टपाले थांबली. डिग हे डीएनएस सर्व्हरला प्रश्न विचारणारे साधन चालवून उत्तरातले ते दुहेरी नाव दिसेपर्यंत अर्धा दिवस गेला होता.

म्हणून मी आता नवा सर्व्हर आधी जुन्याचा सेकंडरी (मुख्य, म्हणजे प्रायमरी सर्व्हरकडून नोंदींची प्रत घेणारा) म्हणून उभा करतो. विंडोजवर झोनच्या प्रॉपर्टीजमधील झोन ट्रान्सफर्स या टॅबवर फक्त नव्या सर्व्हरचा आयपी पत्ता द्यावा, बाइंडमध्ये झोनचा प्रकार सेकंडरी लिहावा, म्हणजे सगळ्या नोंदी टीसीपीच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून एएक्सएफआर या अख्खा झोन उतरवून घेण्याच्या पद्धतीने जशाच्या तशा येतात. बाइंड ९.९ पासून सेकंडरीची फाइल मुळात वाचता न येणाऱ्या कच्च्या स्वरूपात साठते, म्हणून मास्टरफाइल-फॉरमॅट टेक्स्ट ही ओळ आधीच घालावी. विन्स (विंडोजची नावे शोधण्याची जुनी सेवा) नोंद मात्र मायक्रोसॉफ्टची स्वतःची असल्याने ती आधी काढून टाकावी. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा अंतर्गत झोन तर मी विंडोजवरच राहू देतो. डोमेन कंट्रोलर, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारे सर्व्हर, त्यात आपल्या नोंदी स्वतः लिहीत असतात आणि तो हलवून पदरात काही पडत नाही.

झोन आले की सेकंडरीचा प्रायमरी करावा, एसओए (झोनची मूळ माहिती) आणि एनएस (झोनचे सर्व्हर कोणते) या नोंदींत नव्या सर्व्हरचे नाव घालावे, एसओएमधला सीरियल, म्हणजे आवृत्ती क्रमांक, वाढवावा आणि बाइंडसोबत येणाऱ्या नेम्ड-चेकझोनने फाइल तपासावी. त्यानंतर एकेका नावासाठी दोन्ही सर्व्हरांना डिगने थेट विचारून उत्तरे शेजारी-शेजारी ठेवावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण मी ते कधीच टाळत नाही.

टीटीएलचा, म्हणजे उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचे या मुदतीचा, विचार मात्र याही आधी हवा. नोंदींची टीटीएल ८६४०० सेकंद असेल तर ती बदलाच्या किमान एक दिवस आधी ३०० वर आणावी, कारण रिझॉल्व्हरांनी (वापरकर्त्यांसाठी नावे शोधून देणाऱ्या सर्व्हरांनी) साठवलेली जुनी उत्तरे तितका वेळ टिकून राहतात. झोन डीएनएससेकने (उत्तरे खरी आहेत हे डिजिटल सहीने पटवणाऱ्या व्यवस्थेने) सही केलेला असेल आणि नवा सर्व्हर नव्या किल्ल्यांनी सही करणार असेल, तर आधी रजिस्ट्रारकडून (जिथे डोमेन नोंदवले त्या कंपनीकडून) डीएस नोंद, म्हणजे झोनच्या किल्लीची वरच्या स्तरावरची खूण, काढून घ्यावी आणि तिचीही टीटीएल उलटू द्यावी. नाहीतर पडताळणी करणारे रिझॉल्व्हर तुमच्या डोमेनला उत्तरच देणार नाहीत.

रजिस्ट्रारकडे एनएस बदलल्यानंतर जुना सर्व्हर लगेच बंद करू नये. डॉट कॉमच्या सर्व्हरांवर या नोंदींची टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे पूर्ण दोन दिवस असते, आणि ती कमी करणे आपल्या हातात नसते. मी जुना सर्व्हर आठवडाभर चालू ठेवतो, त्यावर येणाऱ्या क्वेऱ्यांचा लॉग रोज पाहतो, आणि त्या थांबल्या की मगच सेवा बंद करतो.