सागरी प्राणिशास्त्रज्ञ लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा संचालक कसा झाला? सिडनी हार्मर यांची वाटचाल कशी होती?

संग्रह सांभाळत सांभाळतच. हार्मर (1862–1950) यांचा खरा विषय ब्रायोझोआ, म्हणजे खडकांवर, शिंपल्यांवर वसाहत करून राहणारे इवलेसे प्राणी. ओळख पटवायची तर सूक्ष्मदर्शक हवाच. कंटाळवाणं काम, पण नजर तयार होते. 1892 पासून केंब्रिजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाचे ते प्रमुख होते. 1909 मध्ये लंडनच्या म्युझियममध्ये प्राणिशास्त्र विभागाचे 'कीपर', म्हणजे विभागप्रमुख, झाले आणि 1919 ते 1927 संचालक.

माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम वेगळंच आहे: 1913 मध्ये त्यांनी ब्रिटिश किनाऱ्यावर वाहून आलेल्या देवमाशांची पद्धतशीर नोंद सुरू केली. तटरक्षकांनी तार करून लगेच कळवायचं, कारण कुजलेल्या धडावरून जात ठरवणं अवघड होतं.