पोरगी म्हणते, आपत्तीतल्या बायांसाठी काम करीन. हे करिअर आहे का?

ताई, नमस्कार. पत्र नीट वाचलं. तुम्ही ब्रह्मपुरी तालुक्यात आशा वर्कर, लेक बीए फायनलला, समाजशास्त्र घेऊन. 2020 च्या ऑगस्टात वैनगंगेला पूर आला तेव्हा तुम्ही सगळे शाळेत राहायला गेलते, आणि तिथे रात्री संडासला जावं लागू नये म्हणून बाया दुपारपासूनच पाणी प्यायच्या नाहीत, हे पोरीच्या डोक्यातून अजून गेलं नाही. आता ती म्हणून राहिली की पूर, भूकंप, दंगल अशा वेळी बायांवर अत्याचार होतात त्यातच काम करीन, आणि घरचे म्हणतात बीएड कर, पोलीस-कोर्टाच्या भानगडीत कायले पडतं.

करिअर आहे ताई, नक्की आहे. आणि पोरीनं जे पाहिलं तिथूनच हे काम सुरू होते. मदतकार्याची स्फिअर नावाची जगभर वापरतात अशी मानकं आहेत, त्यात 20 माणसांमागे कमीत कमी एक संडास सांगितला आहे, बायांसाठी पुरुषांच्या तिप्पट, आतून कडी लागणारे. म्हणजे काही झाल्यावर धावायचं एवढंच नाही, कॅम्प लावतानाच हे बघायचं, आणि म्हणून टँकर लावणाऱ्याला, रेशन वाटणाऱ्यालाही बायांच्या सुरक्षेचं ट्रेनिंग देतात. त्यात शिकवतात की कोणी तक्रार केली नसली तरी अत्याचार होत आहेत असं धरूनच तयारी करायची, आकड्यांची वाट पाहत बसायचं नाही.

पण खरं कठीण पुढं आहे. समजा रात्री एखादी बाई येऊन हळूच सांगते की तिच्यावर अत्याचार झाला. न शिकलेला माणूस काय करते? कोण होता, एकटी कायले गेलती असं विचारते, चार जणांना गोळा करते, तिला न विचारता पोलिसाला फोन लावते, आणि सकाळपर्यंत सगळ्या शाळेत बोभाटा. शिकलेली मुलगी आधी बघते की बाई आत्ता सुरक्षित आहे का, मग ऐकते, खोदून विचारत नाही, कुठं काय मदत मिळते ते सांगते आणि निर्णय तिचा तिला घेऊ देते. तिला हेही माहीत असते की एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भ राहू नये म्हणून गोळी 120 तासांच्या आत, आणि दवाखाना सरकारी असो की खासगी, मोफत उपचार नाकारता येत नाही. मुलगी 18 च्या खालची असली तर मात्र पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारकच. हे सगळं नुसत्या कळवळ्यानं येत नाही, शिकावंच लागते.

म्हणून माझं स्पष्ट मत, लगेच आपत्तीचा कोर्स नको, आधी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं एमए. नागपूरला मातृसेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय आहे, मुंबईत टिस म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, तिथे आपत्ती व्यवस्थापनाचं वेगळं स्कूलही आहे, पण टिससाठी सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. फील्डवर्कला सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे अत्याचार झालेल्या बायांना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र, मिळालं तर फारच चांगलं. कारण पूर आला तरी दवाखाना तोच, ठाणं तेच, सखी सेंटर तेच, आणि ज्या मुलीनं एरवी हे तिन्ही दरवाजे ठोठावलेले असतात तीच धावपळीत बाईला नीट नेऊ शकते. आणि ठाण्यात नीट माणूस असण्याचं मोल आपल्या भागाला सांगायची गरज नाही, 1972 ला शेजारच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, त्यावरून देश पेटला आणि 1983 ला बलात्काराचा कायदा बदलला.

पैशाचं खरं सांगतो. सखी सेंटरमधल्या केस वर्कर, समुपदेशक या जागा कंत्राटी असतात, संस्थांमध्येही प्रोजेक्ट संपला की काम संपते. बीएडवाल्यांनाही आज कायमची नोकरी कुठं मिळून राहिली, पण घरी हे लपवू नका. त्या मानानं महिला व बालविकास विभागातल्या संरक्षण अधिकारी (घरगुती हिंसाचाराच्या केस बघणारे) अशा पदांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवलेलं बरं. इंग्रजी जमवावं लागेल, पुढं यूएनएफपीए (संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी) किंवा मोठ्या संस्थेत जायचं तर रिपोर्ट इंग्रजीतच लिहावे लागतात. काया नावाच्या साईटवर मदतकार्याचे फुकट ऑनलाईन कोर्स आहेत, सुट्टीत एखादा करून पाहू द्या.

तिच्या मनावर ताण येईल का हे तुम्ही विचारलं. येईल. म्हणून नोकरी घेताना तिनं विचारायचं की केस ऐकून आल्यावर माझ्याशी बोलायला सिनियर कोण आहे. कोणीच नाही म्हणाले तर ती जागा नको.

आत्ता एवढंच करा, परीक्षा झाली की तिला जिल्ह्याच्या सखी सेंटरला घेऊन जा आणि तिथल्या केस वर्करताईसोबत तासभर बोलू द्या. तुम्ही आशाताई आहात, तुम्हाला तिथे कोणी परकं मानणार नाही. बीएडचा फॉर्म भरायचा की नाही ते त्यानंतर ठरवा.