पिशवी लहान झालीय? आधी मोजून तर बघा

"लघवीची पिशवी लहान झालीय, धरवतच नाही," ही तक्रार घेऊन येणाऱ्या बायका बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या असतात. बऱ्याच जणींनी उपायही स्वतःच शोधलेला असतो: पाणी कमी प्यायचं. माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या या ४८ वर्षांच्या बाईंचं तसंच होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). शाळेतून घरी आल्यावर कुलपात किल्ली घालेपर्यंत अशी घाई व्हायची की पर्स दारातच टाकून धावायचं, आणि कधी कधी तेवढ्यात साडी ओली. डॉक्टरांनी लघवी आणि साखर तपासली होती, सोनोग्राफीही झाली होती. जंतुसंसर्ग नाही, मधुमेह नाही, लघवी होऊन गेल्यावर आत फारशी उरतही नाही. "मग मला होतंय तरी काय, ताई?"

मी तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. काय प्यायलं, किती वाजता गेलात आणि किती झाली, तेही मोजून. मोजायचं म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं. पण बाई हाडाच्या शिक्षिका! पुढच्या वेळी आल्या त्या लाल पेनाने रकाने आखलेला कागद घेऊनच. शाळेत मोजणं जमलं नव्हतं, तिथल्या फक्त वेळा लिहिल्या होत्या.

सकाळी उठल्या उठल्या ३८० मिली. दिवसा घरी असताना मात्र ९०, १२०, ८०. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली मावतं. मी सकाळच्या आकड्याखाली रेघ ओढली. "बाई, पिशवी लहान असती तर एवढं मावलं असतं का?"

बाकीचं त्याच कागदावर होतं. शाळेचं स्वच्छतागृह मैदानापलीकडे, किल्ली शिपायाकडे, आणि मुलांदेखत ती मागायची लाज. म्हणून सकाळपासून घोटभर पाणी नाही. चहा मात्र तीनदा. चहातल्या कॅफिनने मूत्राशय चाळवतं. पाणी पोटात नसलं की लघवी गडद होते, काहींना तीही बोचते, संसर्गाला वाव मिळतो. वर बद्धकोष्ठ, भरलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयावर दाबतं. शाळेत सहा-सहा तास धरून ठेवायचं आणि घरी आल्यावर 'असू दे, जाऊनच येऊ' म्हणत तासातासाला उठायचं. माझ्या मते त्यांना ही दुसरी सवय जास्त नडत होती. थोडं भरलं की रिकामं, असं रोज होत राहिलं की मूत्राशय तेवढ्यावरच हाका मारायला लागतं.

मग ठरलं ते असं. पाणी दिवसभर थोडं थोडं, रात्री झोपण्याआधी कमी. चहा एकदाच. कळ आली की धावायचं नाही. थांबायचं, वारा अडवताना जे स्नायू आवळतो तेच पाच-सहा वेळा पटापट आवळून सोडायचे, कळ ओसरली की चालत जायचं. घरी दोन वेळांमधलं अंतर १५-१५ मिनिटांनी वाढवत न्यायचं. किल्लीचं त्या स्वतःच मुख्याध्यापकांशी बोलल्या, आणि एक किल्ली आता स्टाफरूममध्ये टांगलेली असते. खरं सांगायचं तर माझ्या सल्ल्यांपेक्षा तिचाच उपयोग जास्त झाला असावा.

हे सगळं तपासण्या झाल्यानंतरचं, बरं का. लघवीत रक्त, तापाबरोबर जळजळ, लघवी अडणं, किंवा पाय नाहीतर जांघ अचानक बधिर होणं, यांपैकी काहीही असेल तर नोंदी करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

दोन-अडीच महिन्यांत बाईंची दारातली धावपळ बरीच कमी झाली, दिवसाचे आकडे २५०च्या घरात आले. खोकताना-शिंकताना थेंब जातो तो अजून जातोच. तो प्रकार वेगळा, बाळंतपणांनी आणि पाळी जायच्या वयाने सैल पडलेल्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा. त्याचे व्यायाम त्या आता फिजिओथेरपिस्टकडे शिकतायत, आणि ते निदान तीन महिने तरी रोज करावे लागतात.