तिथं कुणी गेलंच नाही, मग तारा कशाचा बनलाय हे शास्त्रज्ञांना कसं कळतं? सगळा अंदाजच ना?

तुम्ही पुढं असंही विचारलंय की खगोलशास्त्राची सुरुवात कुठून करू आणि पाच हजारात दुर्बीण येईल का. त्यावर शेवटी येतो. आधी तो 'अंदाजच ना' वाला भाग घेतो, कारण हेच वाक्य आमच्या घरात एकदा बोललं गेलं आणि त्यानं एका पोरीची वाट बदलली, तेव्हापासून कुणीही ते बोललं की मला गप्प बसवत नाही.

अंदाज नाहीये. मोजलेलं आहे.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाईंगला आहे, सगळी नोकरी रंगात गेली. आता पार्टीच्या सॅम्पलशी शेड जुळवायचा तर नुसत्या डोळ्यावर भागत नाही, उन्हात जुळलेला रंग ट्यूबखाली वेगळा दिसतो आणि मग भांडणं होतात. म्हणून लॅबमधे स्पेक्ट्रो असतो. टॉवेलचा तुकडा त्याच्या तोंडाला लावायचा, मशीन त्याच्यावर प्रकाश टाकतं, परत आलेला प्रकाश फोडतं आणि कुठल्या रंगाचा किती आला ते आकड्यात सांगतं. डेल्टा ई, म्हणजे सॅम्पलच्या आणि आपल्या रंगातल्या फरकाचा आकडा, एकच्या वर गेला की लॉट परत. ताऱ्याच्या बाबतीत शास्त्रज्ञ प्रकाश फोडतात तो याच तत्त्वावर, फक्त तिथं प्रकाश ताऱ्याचा स्वतःचा असतो आणि मशीन फार म्हणजे फारच बारीक असतं.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, चाटी गल्लीत टॉवेल-चादरीचा होलसेल धंदा करतात. माणूस दिलदार, अडीनडीला पहिला धावून येणारा. पण भाचीचा बारावीचा निकाल लागला, मार्क उत्तम पडले, आणि रात्री गच्चीवर सगळे अंथरुणं टाकून बसलेलो असताना ती म्हणाली मला पुण्याला फिजिक्सला जायचंय, पुढं ताऱ्यांचं करायचंय. दाजी म्हणाले, "काय बोललालीस? तारे मोजून पोट भरतंय काय? ते सगळं अंदाजपंचे दाहोदरसे असतंय." मी मधे पडलो तर मला म्हणाले, "तू जाऊन आलास काय बे तिथं?"

आता हाच माणूस स्पेक्ट्रोच्या रिपोर्टवर अख्खे लॉट परत पाठवतो! तिथं नाही म्हणत की मशीन रंगाच्या आत जाऊन आलं काय.

दुसऱ्या दिवशी मी बुटाचा खोका घेतला, एका टोकाला दोन ब्लेड अगदी जवळ चिकटवून बारीक फट केली, दुसऱ्या टोकाला जुन्या डीव्हीडीचा तुकडा तिरका बसवला आणि वरून बघायला भोक पाडलं. ताईच्या स्वयंपाकघरात अंधार केला, तारेचं टोक मिठाच्या पाण्यात बुडवून गॅसच्या ज्योतीत धरलं. निळी ज्योत भडक पिवळी झाली. खोक्यातून बघितलं की पूर्ण रंगांचा पट्टा दिसतच नाही, ठळक दिसते एकच पिवळी रेघ. ती सोडियमची. मीठ इथलं असो की कुठलंही, रेघ जागा सोडत नाही, कारण प्रत्येक मूलद्रव्य ठरलेल्या तरंगलांबीचाच प्रकाश सोडतं आणि शोषतं. मग गच्चीवर जाऊन पांढऱ्या भिंतीवरचं ऊन त्याच फटीतून बघितलं. सगळे रंग, आणि पिवळ्यात, जिथं मिठाची रेघ उजळ होती बरोब्बर तिथं, केसासारखी काळी रेघ. भाचीनंच ती आधी पकडली. सूर्याच्या वरच्या, मानानं थंड थरात सोडियम आहे, खालून येणाऱ्या प्रकाशातला आपला वाटा तो गिळतो, म्हणून काळी. फ्राउनहोफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं अशा शेकडो काळ्या रेघा १८१४ सालापासून नोंदवून ठेवल्या होत्या, त्यांचा अर्थ किर्खॉफ आणि बुन्सेन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९-६० च्या सुमारास लावला. गंमत म्हणजे त्याआधी १८३५ ला ऑग्युस्त कॉम्त नावाचा मोठा फ्रेंच विचारवंत लिहून गेला होता की तारे कशाचे आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. पंचवीस वर्षंसुद्धा नाही टिकलं ते.

दाजींनी खोक्यात डोकावून बघितलं, म्हणाले "रेघा दिसल्या, बरं मग?" आणि दुकानाला गेले. पोरगी कॉमर्सला गेली.

मग मी जे त्यांना सांगू शकलो नाही ते तुम्हाला सांगतो, कारण ते आपल्या शेजारचंच आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, त्याची सावली विजापूरवरून गेली. सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर. तिथं कॅप्टन हेग नावाचा इंग्रज अधिकारी यंत्र लावून बसला होता, सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा प्रकाश त्यानं फोडला तर दोन ठळक पट्टे दिसले, एक गुलाबी-लाल आणि एक फिकट सोनेरी. जमखंडीत आणि गुंटूरला बसलेल्यांनीही अशाच रेघा नोंदवल्या. पिवळी रेघ म्हणजे सोडियमच असणार असं आधी धरलं गेलं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं इंग्लंडमधे ग्रहण नसताना ती रेघ मोजली, तर ती सोडियमच्या जागेवर बसेना, जराशी बाजूला पडत होती. त्या जागेची रेघ देणारं पृथ्वीवरचं एकही मूलद्रव्य तेव्हा माहीत नव्हतं. तेच हेलियम. पृथ्वीवर ते रॅम्झे या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाला एका युरेनियमच्या खनिजात सापडलं १८९५ ला, आणि रेघ सूर्यातल्या रेघेशी जुळली. सूर्यावर आधी, हातात सत्तावीस वर्षांनी. अंदाजानं असं होतं काय?

(लॉकियरनं हेलियम विजयदुर्गच्या किल्ल्यावरून शोधला हे जे फॉरवर्ड फिरतं ते चुकीचं आहे. तो विजयदुर्गला आला १८९८ च्या ग्रहणाला.)

आणखी एक सांगतो, हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. आपल्या मेघनाद साहांनी १९२० ला समीकरण मांडलं की ताऱ्याच्या तापमानाप्रमाणं कुठल्या मूलद्रव्याच्या रेघा ठळक होतील आणि कुठल्या फिक्या. ते वापरून हार्वर्डमधे सेसिलिया पेन या पंचविशीतल्या मुलीनं १९२५ ला दाखवलं की तारे मुख्यत्वे हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. तेव्हा सगळे समजत होते की सूर्यात साधारण पृथ्वीसारखाच माल आहे. त्या काळचा बडा शास्त्रज्ञ रसेल म्हणाला हे शक्य नाही, आणि तिला स्वतःच्या प्रबंधात लिहावं लागलं की हे आकडे बहुधा खरे नसावेत. चार वर्षांनी रसेल स्वतःच्या वाटेनं त्याच उत्तराला आला आणि तिचं बरोबर होतं हे त्यानं छापून मान्य केलं. मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून विषय तिथं संपला नाही, मोजलेलं उरलं.

तारा किती लांब आहे, हेही मोजलेलंच असतं, ते थोडक्यात. पृथ्वी जानेवारीत कक्षेच्या एका टोकाला, जुलैत दुसऱ्या, मधे सुमारे ३० कोटी किलोमीटर. जवळचा तारा मागच्या ताऱ्यांपुढं किंचित सरकलेला दिसतो, तो कोन मोजला की अंतर निघतं, शाळेची त्रिकोणमिती. बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं १८३८ ला हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नीसाठी हे केलं, तो सुमारे ११ प्रकाशवर्षांवर आहे. गाया या युरोपच्या यानानं असंच शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांचं केलंय.

आता हेही खरं की सगळंच पक्कं नसतं. मृगातला तांबडा तारा काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, त्याचं अंतर अजून पाचशे ते सातशे प्रकाशवर्षं असं कुठंतरी धरतात, कारण तो अवाढव्य आहे आणि त्याचा पृष्ठभाग उकळता असल्यानं मोजणीचा मध्यच हलतो. विश्व फुगायचा वेग (सेकंदाला इतके किलोमीटर, दर साधारण तेहतीस लाख प्रकाशवर्षं अंतरामागं) एका पद्धतीनं ६७ येतो, दुसरीनं ७३ च्या आसपास, आणि त्यावर चांगलंच भांडण चालू आहे. पण किती कमी-जास्त होऊ शकतं तो आकडा शेजारी लिहून भांडतात, तोंडाला येईल ते नाही.

टेलिस्कोप पाच हजारात घेऊ नका, त्या बजेटचे बहुतेक हलत्या स्टँडवरची खेळणी असतात. १०×५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटरच्या भिंगांची) दोन डोळ्यांची साधी दुर्बीण घ्या, कोपर भिंतीवर टेकून धरा, गुरूचे चंद्र दिसतात, कृत्तिका तर बघतच राहाल. सोलापूरचे असाल तर तुळजापूर रोडनं हिप्परग्याच्या पुढं जा, शहराचा उजेड मागं पडतो. विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण बघायला सोडतात, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, एकदा जाऊन याच. आणि खोका केलात तर सूर्याकडं थेट रोखू नका, दुर्बीण तर कधीच नाही, डोळा जाईल. भिंतीवरचं ऊन पुरतं.

घरात कुणी पोरगं-पोरगी फिजिक्स मागत असेल तर जाऊ द्या. बीएस्सी करून एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅमची परीक्षा देता येते, आपल्या पुण्यातच आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था आहेत. नाहीच जमलं तरी प्रकाश मोजता येणाऱ्या माणसाला कापडाच्या लॅबमधेसुद्धा काम आहे, मी इथं बसलोय ना.

दाजी, ही लिंक तुम्हाला पण पाठवतोय. थोरली बँकेत सुखात आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. धाकटीचा यंदा बारावीचा निकाल आहे. फॉर्म भरायच्या आधी तिला एकदा विचारा, मी समोर नसलो तरी चालेल.